मुठीतला कापूस, शंभरातली एक नोंद

गेल्या ईदला भाचा पुण्याहून परतवाड्याला आला तो लॅपटॉप सोबत घेऊनच. शीरखुर्मा अजून गरम होता आणि त्याच्या कंपनीतून फोन आला. एका ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले होते, तिकीट मात्र निघाले नव्हते. ग्राहकाने वेळ, रक्कम, बँकेचा संदेश असे सगळे पाठवले होते. भाच्याने तासभर शोधाशोध केली आणि लॅपटॉप मिटला.

"मामू, त्याची नोंदच नाही. आम्ही शंभरातली एकच ठेवतो."

"आणि बाकीच्या नव्व्याण्णव?"

"टाकून देतो. सगळ्या ठेवल्या तर साठवणुकीचा खर्च परवडत नाही."

"म्हणजे तो माणूस खोटा बोलतोय?"

"खोटा नाही हो. फक्त आमच्याकडे दिसत नाही."

त्याचे हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरात तीस वर्षे याच प्रश्नावर चूल पेटली. अब्बा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाची बंडी फाटकातून आत आली की तिच्यातून मूठभर कापूस काढून पाहायचा, ओल किती, कवडी किती, धागा कसा, हे ठरवायचे आणि भाव बोलायचा, हे त्यांचे काम. संपूर्ण बंडी रिकामी करून कोणीच पाहत नसे, ते शक्यही नव्हते. म्हणून अब्बा हात कोपरापर्यंत आत घालत. एक मूठ वरची, एक मधली, एक बुडाची. "वरची मूठ गाडीवाला दाखवतो, बुडची आपण काढायची," असे ते म्हणत. कमी प्रतीचा माल खाली दाबलेला असू शकतो, हे जसे त्यांना ठाऊक होते तसेच एका कवडीवरून सगळी बंडी खराब ठरवली तर शेतकरी मारला जातो, हेही.

भाच्याच्या धंद्यात याला 'ट्रेस सॅम्पलिंग' म्हणतात. शब्द नवा आहे, पण प्रश्न आपल्या मातीत फार जुना आहे. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज कसा बांधायचा, हे शास्त्र भारतात घडले त्यात वऱ्हाडच्या कापसाच्या शेतांचाही वाटा आहे. त्या शेतांत जे धडे मिळाले, तेच साठ-सत्तर वर्षांनी संगणकवाल्यांना पुन्हा शिकावे लागले. तो प्रवास इथे मांडतो.

लठ्ठ्यावरचा नंबर

आधी ट्रेस म्हणजे काय ते पाहू. परतवाड्याच्या माणसाला ते समजावणे सोपे आहे. मेळघाटात साग तोडला जातो. तिथेच प्रत्येक लठ्ठ्यावर नंबर पडतो, वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसतो. मग तो ट्रकमध्ये चढतो, सोबत वाहतूक परवाना असतो, नाक्यावर नोंद होते, डेपोत थप्पी लागते, लिलाव होतो. पाच ठिकाणी पाच वह्या, पाच वेगळी माणसे. पण नंबर एकच असल्यामुळे कुठलाही लठ्ठा कुठून निघाला, कुठे किती दिवस पडून राहिला, हे पाचही वह्या समोर ठेवल्या तर कळते.

मोबाईलवर तिकीट काढताना आपण एक बटण दाबतो. त्यामागे ती विनंती दहा-वीस वेगवेगळ्या यंत्रणांमधून फिरते. एक ओळख तपासते, एक जागा शिल्लक आहे का ते पाहते, एक बँकेशी बोलते, एक संदेश पाठवते. प्रत्येक जण आपापल्या वहीत लिहितो, काम किती वाजता हाती आले आणि किती वेळात झाले. या एका नोंदीला स्पॅन म्हणतात. सगळ्या स्पॅनवर लठ्ठ्यासारखा एकच नंबर असतो. त्या नंबराने जोडलेली पूर्ण साखळी म्हणजे ट्रेस. तिकीट उशिरा निघाले तर बँकेपाशी अडले की आपल्याच घरात, हे ट्रेस सांगतो.

अडचण संख्येची आहे. डेपोत येणारे लठ्ठे मोजता येतात. मोठ्या सेवेकडे दिवसाला कोट्यवधी विनंत्या येतात आणि प्रत्येकीचे वीस-तीस स्पॅन. लिहिण्यातच यंत्राचा वेळ जातो, साठवण्यात पैसा जातो. म्हणून काही ठेवायचे आणि बाकी सोडायचे. किती ठेवायचे आणि कोणते, सगळा वाद या दोन प्रश्नांचा आहे.

सोळा आण्यांचा अंदाज

आपल्याकडे हा वाद पिकावरून सुरू झाला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरचे ठळक नाव. 1870 मध्ये खामगावच्या बाजारपेठेपर्यंत रेल्वेचा फाटा पोचला. आता मुंबईच्या आणि विलायतेच्या व्यापाऱ्याला कापूस निघण्याआधीच हवे होते, यंदा किती निघणार?

उत्तर काढायची रीत होती आणेवारी. पटवारी आणि पाटील पीक डोळ्यांनी पाहत आणि सांगत, यंदा दहा आणे, यंदा बारा आणे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. पेऱ्याचे क्षेत्र गुणिले एकरी सर्वसाधारण उत्पन्न गुणिले आणेवारी, की झाला आकडा तयार. आणे गेले, पैसे आले, नाव पैसेवारी झाले. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती, हे सूत्र आजही वऱ्हाडच्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे.

या रीतीतली खोट पटवाऱ्याच्या इमानात शोधायची गरज नाही. अत्यंत प्रामाणिक पटवारीसुद्धा रस्त्यालगतचे शेत जास्त पाहतो. गेल्या वर्षीचा आकडा त्याच्या मनात असतो. गावाला सारा माफ व्हावा असे वाटले तर नजर खाली झुकते, वरच्या साहेबाला चांगला आकडा हवा असला तर वर. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, अंदाज किती चुकला असेल हे सांगण्याची कुठलीच सोय त्यात नव्हती. दहा आणे म्हणजे दहाच, की आठ ते बारा, हे विचारताच येत नव्हते.

चिठ्ठीने निवडलेले शेत

पहिली वेगळी वाट काढली हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने. हेच पुढे ओरिसा प्रांताचे पहिले गव्हर्नर झाले. 1923 ते 1925 दरम्यान त्यांनी बिहार-ओरिसात भाताच्या शेतांत छोटे तुकडे कापून, झोडपून, प्रत्यक्ष वजन करून पाहिले. तुकडा कुठला, हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता योगायोगावर सोपवले. 1931 मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1937 पासून बंगालच्या तागासाठी असेच मोठे नमुना सर्वेक्षण उभारले.

यानंतर येतात दोन मराठी माणसे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला शिकले, तिथे येर्झी नेमन या मोठ्या सांख्यिकीतज्ज्ञाच्या सहवासात नमुना निवडीच्या प्रश्नांवर त्यांनी काम केले आणि 1940 पासून ते कृषी संशोधन परिषदेत होते. दुसरे विनायक गोविंद पानसे. त्यांचे क्षेत्र कापूस. 1940 च्या दशकात इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला कापसाच्या उत्पादनाचा भरवशाचा आकडा हवा होता, आणि त्यासाठी मध्य प्रांत-वऱ्हाडची काळी जमीन ही प्रयोगशाळा ठरली. पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी 1944 आणि 1945 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात पीक अंदाजाच्या या नव्या रीतीवर लिहिले. पुढे 1954 मध्ये पानसे-सुखात्मे यांचे शेतीतील सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक निघाले. शेतकी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

रीत अशी. आधी यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून, म्हणजे एका अर्थी चिठ्ठ्या टाकून, गाव निवडायचे. मग गावातला सर्व्हे नंबर. मग शेताच्या कोपऱ्यातून किती पावले लांबीत आणि किती रुंदीत जायचे, तेही चिठ्ठीनेच. जिथे पाऊल थांबेल तिथे खुंट्या ठोकायच्या आणि दोरी बांधायची. तिथले पीक वाईट दिसते म्हणून शेजारचे घेतो, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. या शिस्तीमुळे पहिल्यांदाच असे म्हणता आले की आपला अंदाज इतका आहे आणि तो साधारण इतका चुकू शकतो.

या कामातून दोन धडे निघाले, आणि भाच्याच्या कामाशी दोन्हींचा थेट संबंध आहे.

पहिला धडा कापसाचा. भात एकदा कापला की संपला. कापसाच्या मात्र तीन-चार वेचण्या होतात, दसऱ्यापासून थेट संक्रांतीच्या पलीकडे. म्हणून खुंट्या सुरुवातीलाच ठोकाव्या लागतात आणि प्रत्येक वेचणीला त्याच खुंट्यांमधला कापूस तोलावा लागतो. पहिल्या वेचणीला एक तुकडा आणि दुसरीला भलताच, असे केले तर हाती चार आकडे येतात, पण एकाही तुकड्याचे पूर्ण उत्पन्न येत नाही.

दुसरा धडा काठाचा. तुकडा किती मोठा हवा, यावर महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. लहान तुकडे स्वस्त पडतात, कमी वेळात जास्त ठिकाणी घेता येतात, ही बाजूही वजनदार होती. 1946 मध्ये सुखात्म्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की फार लहान तुकड्यांत उत्पन्न खरेपेक्षा जास्त भरते. कारण साधे आहे. दोरीवर येणारे झाड आत घ्यायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. तुकडा लहान असला की काठावरची झाडे एकूण झाडांच्या मानाने जास्त असतात, म्हणून ही चूक फुगते. असे हजार तुकडे घेतले तरी चूक जात नाही, ती हजार वेळा होते. नमुना वाढवला की सगळे ठीक होते, हा समज वऱ्हाड-बंगालच्या शेतांनी तेव्हाच मोडून काढला होता.

एक हजार चोविसातला एक

आता 2010 सालात येऊ. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या 'डॅपर' नावाच्या यंत्रणेबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. आजच्या बहुतेक ट्रेस-यंत्रणांचे बी त्यात आहे. ट्विटरने 2012 मध्ये खुली केलेली झिपकिन, उबरमध्ये तयार होऊन 2017 मध्ये खुली झालेली येगर, आणि 2019 पासून दोन जुने प्रकल्प एकत्र करून उभी राहिलेली ओपनटेलिमेट्री ही त्याची पुढची पिढी.

डॅपरवाल्यांनी मोजून पाहिले. वेब-शोधाच्या सेवेत प्रत्येक विनंतीचा ट्रेस नोंदवला तर उत्तराला लागणारा वेळ सरासरी 16 टक्क्यांनी वाढत होता. सोळातली एक नोंदवली तर वाढ 2 टक्क्यांच्या आसपास. 1024 मधली एक नोंदवली तर वाढ जाणवतही नव्हती. म्हणून सुरुवातीला त्यांनी सरसकट 1024 मधली एक, असा दर ठेवला. जिथे विनंत्यांचा महापूर आहे तिथे एवढ्यातूनही चित्र स्पष्ट दिसते.

पण ठेवायची कोणती, हे कोण ठरवणार? प्रत्येक यंत्रणेने आपापली चिठ्ठी टाकली तर कापसाचेच होते. ओळख तपासणाऱ्याने ही नोंद ठेवली, बँकवाल्याने टाकली, संदेशवाल्याने तिसरीच ठेवली. सगळ्यांच्या वह्या भरलेल्या, साखळी मात्र एकही पूर्ण नाही. म्हणून इथेही खुंट्या सुरुवातीलाच ठोकतात. विनंती दारात आली त्याच क्षणी तिला नंबर मिळतो आणि ठेवायची की नाही हे ठरते. तो निर्णय एका चिन्हाच्या रूपात तिच्यासोबत पुढे जातो आणि वाटेतला प्रत्येक जण तो पाळतो. 2020 मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने या चिन्हाची जागासुद्धा ठरवून दिली. याला हेड सॅम्पलिंग म्हणतात, सुरुवातीलाच केलेली निवड.

आणखी एक युक्ती डॅपरमध्ये होती. ट्रेसचा नंबर यादृच्छिक असतो. त्या नंबरावरूनच गणित करून एक अपूर्णांक काढायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तरच ठेवायचे. नंबर सगळ्यांकडे एकच, गणित एकच, म्हणून कोणाला काही न विचारता सगळ्यांचे उत्तर एकच येते. ओपनटेलिमेट्रीत दर ठरवताना भाचा हेच दोन खिळे ठोकतो. आधीच्याने ठरवले असेल तर त्याचे ऐका, आणि पहिलेच असाल तर नंबरावरून ठरवा.

ज्याचा नंबर लागत नाही तो

आता ईदच्या दिवशीच्या त्या ग्राहकाकडे वळू. हिशोबासाठी समजा, दिवसाला 1,00,000 विनंत्या येतात आणि दहा हजारांत एकीला पैसे कापून तिकीट न मिळण्याची बाधा होते. म्हणजे दिवसाला असे 10 जण. शंभरातली एक नोंद ठेवली तर त्या दहांपैकी एकही न सापडण्याची शक्यता जवळजवळ 90 टक्के. दहा दिवसांतले नऊ दिवस पडदा हिरवा दिसणार, सरासरी वेळ उत्तम दिसणार, आणि रोज दहा माणसे पैसे गमावून फोन करत राहणार.

सरसकट निवडीचा हा दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. सरासरी सांगण्यासाठी ती जन्मली आहे, दुर्मिळ गोष्ट तिच्या हाती लागत नाही. डॅपरच्या लेखकांनीही लिहून ठेवले होते की कमी वर्दळीच्या सेवांत हा दर महत्त्वाच्या घटना हुकवू शकतो, म्हणून त्यांनी वर्दळीप्रमाणे बदलणारा दर आणायचे ठरवले.

पीकविम्याचे उदाहरण घ्या. 2016 मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. महसूल मंडळात एका पिकाचे किमान 10 कापणी प्रयोग आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न, असा तिचा पाया. मंडळभर पावसाने दगा दिला तर दहा प्रयोग ते नेमके सांगतात. पण एका नाल्याकाठच्या चार शेतांत गारा पडल्या तर? ती चार शेते चिठ्ठीत निघतीलच असे नाही, आणि एखादे निघाले तरी सरासरीत बुडून जाईल. हे ओळखूनच योजनेत स्थानिक आपत्तीसाठी वेगळे दार ठेवले गेले. शेतकऱ्याने 72 तासांच्या आत कळवायचे आणि त्याच्याच शेताची पाहणी व्हायची.

संगणकात या वेगळ्या दाराला टेल सॅम्पलिंग म्हणतात, म्हणजे शेवट पाहून केलेली निवड. सगळे स्पॅन थोडा वेळ धरून ठेवायचे, साखळी पूर्ण झाली की पाहायचे. चूक झाली? ठेवा. फार वेळ लागला? ठेवा. पैशांचा व्यवहार? दहातला एक ठेवा. बाकी सगळे सुरळीत? शंभरातला एक. ऐकायला सोपे आहे, पण फुकट नाही. निर्णय होईपर्यंत सगळे ट्रेस स्मृतीत सांभाळावे लागतात. ओपनटेलिमेट्रीच्या संग्राहकात ही वाट पाहण्याची मूळ मुदत 30 सेकंदांची असते. व्यवहार त्याहून लांबला तर शेपूट पोचण्याआधीच निकाल लागतो. शिवाय एका ट्रेसचे सारे स्पॅन एकाच संग्राहकाकडे यायला हवेत, नाहीतर अर्धी बंडी पाहून भाव बोलल्यासारखे होते. आणि सुरुवातीलाच जे टाकून दिले, ते शेवटी परत मिळत नाही. दारातच शंभरातला एक असा दर ठेवला आणि मागे टेल सॅम्पलिंग लावले, तर चुकीचे ट्रेससुद्धा शंभरातलेच उरतात. भाच्याच्या कंपनीत नेमके हेच झाले होते. मागचे दार उघडे होते, पण पुढच्या दारातून त्या ग्राहकाची नोंद आतच आली नव्हती.

दर लिहून ठेवा

इथे एक नवा खड्डा आहे. चुकलेले सगळे ठेवले आणि सुरळीत असलेल्यांतले शंभरात एक ठेवले, तर त्याच हिशोबाने दिवसाअखेर आपल्याकडे 10 चुकलेले आणि सुमारे 1,000 सुरळीत ट्रेस असतील. त्यावरून कोणी चुकांचे प्रमाण काढले तर ते 1 टक्का दिसेल. खरे प्रमाण दहा हजारांत एक आहे, म्हणजे शंभरपट कमी. कालपर्यंत आजार दिसत नव्हता, आज साथ आल्यासारखी वाटते. दोन्ही वेळा वस्तुस्थिती तीच आहे.

याचे उत्तर नेमन यांनी 1934 च्या आपल्या निबंधात मांडलेल्या स्तरवार निवडीत आहे, आणि सुखात्म्यांनीही उमेदीच्या काळात त्याच प्रश्नावर काम केले होते. वेगवेगळ्या गटांतून वेगवेगळ्या दराने नमुना घ्यायला हरकत नाही, पण बेरीज करताना प्रत्येकाला त्याच्या दराइतके वजन द्यायला हवे. शंभरातून एक म्हणून ठेवलेला ट्रेस शंभरांच्या वतीने बोलतो. सगळेच ठेवलेल्या गटातला फक्त स्वतःच्या वतीने. डॅपरमध्ये प्रत्येक ट्रेससोबत तो कोणत्या दराने निवडला गेला हेही लिहून ठेवले जाई, ते याचसाठी. दर लिहिला नसेल तर नमुना मुका होतो. आणेवारीचे दुखणेही हेच होते. आकडा समोर असायचा, तो कसा आला याचा मागमूस नसायचा.

मुस्लिम वाचकांना ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम 11.54 टक्के होते. राष्ट्रीय नमुना पाहणीसारखी सर्वेक्षणे देशाचे आणि राज्याचे चित्र देण्यासाठी आखली जातात. त्यातून एखाद्या जिल्ह्यातल्या मुस्लिम विणकरांचे किंवा शाळा सोडलेल्या मुलींचे आकडे काढू गेलो तर हाती मोजकी घरे उरतात आणि त्यावर विधान करणे अप्रामाणिक ठरते. 2006 च्या सच्चर समितीने जनगणना आणि नमुना पाहणीची 61 वी फेरी यांतून जेवढे निघू शकत होते तेवढे कष्टाने काढले. महाराष्ट्र सरकारने 2008 मध्ये नेमलेल्या महमूदुर रहमान अभ्यासगटाला राज्यातल्या मुस्लिमांसाठी वेगळे अभ्यास करून घ्यावे लागले. त्याचा अहवाल 2013 मध्ये आला. लहान समूह पाहायचा असेल तर त्याच्यासाठी मुद्दाम जास्त नमुना घ्यावा लागतो, आणि मग प्रामाणिकपणे वजन लावावे लागते. पहिली पायरी गाळली तर आपण दिसत नाही. दुसरी गाळली तर आपले दुःख फुगवून सांगितल्याचा आरोप येतो, आणि तो खोडता येत नाही. आपल्या संघटनांनी गावोगाव पाहण्या करताना दोन्ही पायऱ्या वहीत लिहून ठेवल्या पाहिजेत. किती घरांतून किती घेतली आणि कशी निवडली, हे नसेल तर आपलीही आणेवारीच होते.

हिशोबाची वही वेगळी

ईदच्या तिसऱ्या दिवशी भाचा परत निघाला. त्याआधी आम्ही दोघे अंगणात बसून त्याचे नवे दर कागदावर मांडत होतो. पुढच्या दारात तिकिटाच्या आणि पैशांच्या वाटेवर काहीही टाकायचे नाही. मागच्या दारात चूक झालेले सगळे ठेवायचे, फार लांबलेले सगळे ठेवायचे, सुरळीत व्यवहारांतले दहात एक, आणि नुसते पाहून गेलेल्यांतले शंभरात एक. त्यांची बँकेची वाट कधी कधी मिनिटभर घेते, म्हणून वाट पाहण्याची मुदत वाढवायची. प्रत्येक ट्रेसवर त्याचा दर लिहायचा. महिन्याने खर्च पाहायचा आणि दर पुन्हा ठरवायचा.

मी त्याला विचारले, त्या ग्राहकाचे काय झाले?

त्याचे पैसे परत गेले होते. बँकेच्या वहीत रक्कम कापल्याची ओळ होती, कंपनीच्या व्यवहारवहीत तिकिटाची ओळ नव्हती. दोन्ही वह्या समोर ठेवल्या आणि दहा मिनिटांत निकाल लागला. त्या वह्यांतून काहीच गाळले जात नाही. पैशांचा हिशोब नमुन्याने ठेवतच नाहीत, आणि ठेवू नये. ट्रेस हे गाडी कुठे रखडते ते पाहण्याचे साधन आहे, कोणाचे देणे लागते ते ठरवण्याचे नाही. पहिल्या दिवशी घाईत भाचा चुकीच्या वहीत शोधत होता, आणि तिथे सापडले नाही म्हणून घडलेच नाही असे कंपनीतल्या कोणीतरी त्या माणसाला कळवूनही टाकले होते.

अब्बांच्या जिनिंगमध्येही दोन गोष्टी वेगळ्या होत्या. मूठ भावासाठी होती. वजन मात्र अख्ख्या बंडीचे, काट्यावर, गाडीवाल्याच्या डोळ्यांसमोर होई. मुठीवरून कोणी वजन लिहिले असते, तर तो शेतकरी फाटकातून हलला नसता.